मास्तरांचा उजवा पाय आणि मी

मी एक जुनी, छोटी, लाल गाडी आहे. मित्रांनो, जुनी म्हटल्याचा मला राग येत नाही, छोटी म्हटल्याचा तर मुळीच नाही. पण कोणी नाक मुरडून 'वापरलेली' म्हणाले, की माझे इंजिन बंद असतानाच तापते. तुमच्या घरातले कपाट, आजोबांचे घड्याळ, थोरल्या भावाकडून तुमच्याकडे आलेली सायकल, ही सगळी वापरलेलीच की. त्यांना कोणी हिणवत नाही. मग मीच एकटीने कोणाचे काय घोडे मारले आहे?

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे एकाच सरकत्या पट्ट्यावरून आम्ही बहिणी-बहिणी एकीमागून एक पुढे जात होतो. साचा सगळ्यांचा सारखाच होता, पण नशीब वेगवेगळे. माझ्या बहुतेक बहिणी साध्या होत्या. साधे इंजिन, हाताने फिरवायच्या काचा, जिथे बसवली तिथेच घट्ट राहणारी सीट. माझ्या वाट्याला मात्र मोठे इंजिन आले, रुंद टायर आले, लाल शिलाईचे स्टिअरिंग आले. चारही चाकांना पोलादी चकत्यांचे डिस्क ब्रेक आले, आणि सीट वरखाली करायचा एक दांडाही आला. दांड्याचे मला काहीच कौतुक नव्हते. मी भाव खात होते तो इंजिनावर.

मला पहिल्यांदा घेतले एका दातांच्या डॉक्टरांनी. बिचारे दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून कंटाळत आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे मला घेऊन गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर जात. मी अशी काही धावे, की त्यांच्या चेहऱ्यावर हसू मावत नसे. ते मला मऊ फडक्याने पुसत. शेजारपाजारचे थांबून बघत आणि तोंड भरून कौतुक करत. मी चांगलीच शेफारले होते.

मग डॉक्टरांचा गुडघा दुखू लागला. माझा क्लच जरा जड आहे, तो त्यांना दाबवेना. त्यांनी माझ्यावर एक राखाडी आच्छादन घातले आणि मी गॅरेजात उभी राहिले. मित्रांनो, पळून पळून गाडी झिजते असे लोक म्हणतात. उभी राहून ती किती झिजते हे त्यांना कोण सांगणार? माझ्या टायरांना एकाच जागी भार सोसून खळगे पडले. ब्रेकच्या चकत्या गंजाने तांबूस झाल्या. आरशामागे एका कोळ्याने संसार थाटला. डॉक्टर अधूनमधून येत, आच्छादन थोडे उचलून आत बसत, स्टिअरिंगवर हात ठेवत आणि किल्ली न लावताच निघून जात. त्यांचा जीव होता माझ्यावर, म्हणून तर ते मला विकत नव्हते. पण त्या जिवाने माझे काही भले झाले नाही.

शेवटी त्यांनी मला विकलेच. मी जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याकडे आले. हा व्यापारी सावलीतही काळा गॉगल लावून बसे, म्हणून सगळे त्याला गॉगल म्हणत. त्याने माझा गंज घासून काढला, नवी बॅटरी घातली आणि मला रस्त्याच्या बाजूला, लोकांच्या नजरेत भरेल अशी उभी केली. तरुण पोरे येत, बॉनेट उघडून बघत, किती पळते एवढेच विचारत, माझ्याशेजारी फोटो काढत आणि निघून जात. त्यातल्या एकानेही मला पुन्हा तोंड दाखवले नाही.

आणि एका सकाळी ती तिघे आली. पुढे एक उंच, ताठ म्हातारे गृहस्थ, त्यांच्यामागे हातात पिशवी घेतलेल्या त्यांच्या पत्नी, आणि सगळ्यांत मागे त्यांची लेक. लेक चांगली कर्ती बाई होती, पण उंचीने इतकी लहान, की माझ्या छतावरून पलीकडचे तिला दिसत नव्हते.

त्या गृहस्थांना सगळा गाव मास्तर म्हणे. ते शाळेचे मास्तर नव्हते, गाडी चालवायला शिकवणारे मास्तर होते. आयुष्यभर ते शिकवणीच्या गाडीत शिष्याच्या शेजारच्या सीटवर बसले होते. अशा गाडीत मास्तरांच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असतो. शिष्य चुकला, की मास्तर दाबतात. ही दोन्हीकडची पेडल आतून एकमेकांना जोडलेली असतात. एकीकडे दाबले, की दुसरीकडचेही खाली जाते. मास्तरांचा उजवा पाय त्या कामात इतका मुरला होता, की ते बसमध्ये बसले तरी वळण आले की तो पाय दाबला जाई. त्यांच्या पत्नी चारचौघांत सांगत, की ह्यांच्या बुटांचा उजवा तळ आधी झिजतो, डावा बूट तसाच नवाकोरा राहतो आणि टाकून द्यावा लागतो.

लेक परिचारिका होती. तिला डोंगरातल्या एका आरोग्य केंद्रात जागा मिळाली होती. तिथले रुग्ण वस्त्या-वस्त्यांवर विखुरलेले. कोणाची जखम बांधायची, कोणाला इंजेक्शन द्यायचे, बाळंतिणींकडे बघायचे, म्हणजे घरोघरी जाणे आलेच. म्हणून अट एकच होती. स्वतःची गाडी हवी, आणि ती स्वतः चालवता यायला हवी. येत्या सोमवारी ती गाडी घेऊन हजर झाली नाही, तर जागा दुसरीला जाणार होती.

अडचण गाडीची नव्हती, मित्रांनो. साठवलेल्या पैशांत एक नवी साधी गाडी येत होती, नाहीतर तेवढ्यातच मी. अडचण अशी, की लेकीला गाडी चालवता येत होती आणि येतही नव्हती. वडील शेजारी असले, की ती छान चालवे. परवानाही मिळाला होता. पण एकदाच ती मैत्रिणीची गाडी एकटीने घेऊन निघाली आणि फाटकाच्या खांबावर जाऊन आदळली. वेग काही नव्हता, खांब समोर दिसत होता, तरी गाडी थांबली नाही. का थांबली नाही, ते तिला सांगता येईना. तेव्हापासून नातेवाईक म्हणू लागले, की मास्तरांच्या घरी जन्मली पण हिचा हात काही गाडीवर बसत नाही. तिने ते मुकाट्याने ऐकून घेतले. पण जागेचे पत्र आल्यापासून ती हट्टाला पेटली होती.

गॉगल माझे गुणगान गाऊ लागला. शून्यावरून किती झटक्यात वेग घेते, चढावर कशी उडते, आवाज कसा वाघासारखा येतो. लेकीने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "थांबते कशी?"

गॉगलने गॉगल काढला. हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता. खरे सांगते, मलाही नव्हता. मी जरा खट्टूच झाले. एवढे मोठे इंजिन सोडून ही बाई ब्रेकचे काय विचारते, असे मला वाटले.

मास्तरांचे मत आधीच ठरलेले होते. नवी ती नवी. कंपनीची हमी असते, आधीच्या मालकाने काय गोंधळ घालून ठेवलाय ही धाकधूक नाही. तरी लेकीने हट्ट धरला, की दोन्ही चालवून बघायच्या. दुसऱ्या दिवशी गॉगलने मला त्यांच्या गल्लीत नेऊन उभे केले. थोड्याच वेळात शोरूमची मुलगी नवी गाडी घेऊन आली आणि मी बघतच राहिले. माझीच धाकटी बहीण. पांढरीशुभ्र, अंगावर ओरखडा नाही, नव्या रबराचा वास. माझ्या दारावरचा जुना पोचा मला एकदम टोचू लागला.

धाकटीला आधी फिरवायला नेले. त्यासाठी घरातून एक जाड उशी आणावी लागली, कारण सीट वर येत नव्हती आणि लेकीला बॉनेटच्या पुढचे दिसत नव्हते. उशीवर बसली तर पाय पेडलपर्यंत पोहोचायला बोटांवर ताण द्यावा लागे. शिकवणीच्या गाडीतही ती अशीच उशीवर बसून शिकली होती, त्यामुळे कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही. गल्ल्यांतून सपाट रस्त्याने एक फेरी मारून सगळे परत आले. मास्तर खुशीत उतरले.

"झालं तर मग," ते म्हणाले. "माझी जुनी पेडलं मी जपून ठेवलीत. ती हिच्यात बसवून घेऊ. पहिले काही महिने मी येत जाईन सोबत."

हे ऐकून लेकीचा चेहरा पडला. डोंगरातल्या केंद्रावर वडिलांना शेजारी बसवून जाणारी परिचारिका! रुग्णाच्या घरात ती जखम बांधणार आणि बाहेर मास्तर गाडीत ताटकळत बसणार. ती सरळ माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आता ही."

आत बसल्यावर तिने खाली हात घालून चाचपडले, तर तिच्या हाताला तो दांडा लागला. तिने तो ओढला, पुन्हा ओढला, आणि सीट वर वर आली. स्टिअरिंग खाली घेतले. तिचा पूर्ण तळवा पेडलवर टेकला. इतक्या वर्षांत त्या दांड्याला कोणी हात लावला नव्हता, आणि आज त्यानेच माझी लाज राखली. मागे बसलेल्या आईने उशी मांडीवर घेतली आणि आता ही हात टेकायला मलाच झाली असे म्हटले. मास्तर शेजारच्या सीटवर बसले.

लेकीने मुद्दामच गावामागचा उतार धरला. डोंगरात जायचे तर उताराला भिऊन चालणार नव्हते. उतार लांब होता, दोन्ही बाजूंना घरांची फाटके. मी सावकाश उतरत होते. आणि अर्ध्यावर आलो, तोच एका फाटकातून कपडे धुण्याच्या दुकानाची गाडी मागे मागे येत सरळ रस्त्यात आली.

माझ्या फरशीवर धाडकन आवाज झाला. मास्तरांचा उजवा पाय! त्यांनी जिवाच्या आकांताने ब्रेक दाबला होता, पण माझ्यात त्या बाजूला ब्रेक कुठला? नुसता पत्रा आणि त्यावर पायपुसणे. आणि लेकीचा पाय? मित्रांनो, तो मला नीट कळत होता. तो पेडलवर टेकलेला होता, पण दाबत नव्हता. तो वाट बघत होता. पेडल आपोआप खाली जाईल म्हणून वाट बघत होता.

एक क्षण तसाच गेला. मग तिने स्वतः दाबला, असा दाबला की मला डॉक्टरांचे सगळे रविवार आठवले. माझ्या चारही चकत्यांनी चाके आवळून धरली. मी नाक खाली घालून थांबले. पुढच्या गाडीत आणि माझ्यात हातभर अंतर राहिले. मागची उशी उडून मास्तरांच्या डोक्यावर पडली. ती गाडी वळली आणि निघूनही गेली. तिच्या चालकाला काही पत्ताच नव्हता.

 मग लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही पाय दाबलात."

"सवय आहे."

"तुम्ही नेहमीच दाबायचात. माझ्या आधी. माझ्या पायाखालचं पेडल खाली जायचं आणि मला वाटायचं मीच थांबवतेय."

मास्तरांनी डोक्यावरची उशी काढली आणि मांडीवर ठेवली. ते म्हणाले, की मी हे कोणाच्याच बाबतीत करत नाही. शिष्य तयार झाला की शेवटच्या दिवसांत पाय मागे घेतो, चुकू देतो, ओरडतो, पण पाय लावत नाही. तोच तर माझा नियम आहे.

"हिच्या वेळेला नाही घेतलात," आई मागून म्हणाल्या.

मास्तरांनी मान खिडकीकडे वळवली. त्यांना काय वाटत होते ते त्यांच्या आवाजातच कळले. "नाही घेववला," ते म्हणाले. "परके आदळले तर पत्रा जातो. ही आदळली असती तर... मी तुला गाडी शिकवली बाळ, ब्रेक मात्र माझ्याकडेच ठेवला."

मला वाटले, आता ही रडेल. ती रडली नाही. तिने गाडी कडेला घेतली आणि दोघांना खाली उतरायला सांगितले. मास्तरांनी काही बोलायला तोंड उघडले, पण आईने त्यांचा दंड धरला.

मग आम्ही दोघीच निघालो. उतार खाली, चढ वर, पुन्हा उतार. एखादे झाड किंवा विजेचा खांब ठरवायचा आणि त्याच्या आधी थांबायचे. पहिल्यांदा तिचा पाय पुन्हा वाट बघत राहिला आणि झाड मागे गेले. दुसऱ्यांदा तिने इतका लवकर दाबला, की आम्ही खांबापासून पार लांब, भर रस्त्यात उभ्या. मागून येणाऱ्या सायकलवाल्याने जे सुनावले ते इथे सांगण्यासारखे नाही. एकदा मी बंदच पडले. तिने दात-ओठ खाल्ले, किल्ली फिरवली आणि पुन्हा वर गेली. मीही हट्टाला पेटले. माझ्या टायरांचे खळगे, जुने ब्रेक ऑईल, सगळे विसरून ती जेवढे दाबेल तेवढेच मी थांबत होते, कमी नाही आणि जास्तही नाही. हळूहळू तिच्या पायाला कळू लागले. शेवटी ती आईवडिलांसमोर इतकी अलगद येऊन थांबली, की मास्तरांच्या पँटच्या इस्त्रीलाही वारा लागला नाही.

गल्लीत परत आल्यावर खरी लढाई झाली. मास्तर हार मानणारे नव्हते. ते सरळ गुडघ्यांवर बसून माझ्याखाली शिरले आणि माझे सगळे दोष एकेक करून बाहेर काढले. टायर बदलावे लागतील. ब्रेक ऑईल जुने झाले आहे. एक रबरी नळी कडक पडली आहे. पेट्रोल धाकटीपेक्षा जास्त पिणार. पोट जमिनीला जवळ आहे, खडबडीत रस्त्यावर घासेल. एकही शब्द खोटा नव्हता, मला मान खाली घालावी लागली. लेकीने प्रत्येक गोष्ट ऐकली. टायर आणि ऑईल बदलू, म्हणाली. केंद्रापर्यंत आणि वस्त्यांच्या तोंडापर्यंत डांबरी रस्ता आहे, त्यापुढे घरांपर्यंत पायीच जायचे आहे, म्हणाली. पेट्रोल जास्त लागेल हेही तिने कबूल केले.

"नवीला हमी आहे," मास्तरांनी शेवटचा मुद्दा काढला.

"हमी गाडीची आहे, बाबा. माझी नाही." ती माझ्या दाराला हात लावून उभी होती. "हिच्यात मला उशीशिवाय रस्ता दिसतो. हिचा ब्रेक माझ्या पायाला कळतो. मी हीच घेणार आणि एकटीच जाणार."

मास्तरांनी आपल्या बुटांकडे बघितले. मग हात झटकून म्हणाले, "टायर मी बघून आणतो. तुला दुकानदार काहीही गळ्यात मारतील."

शोरूमची मुलगी हसून निघून गेली. धाकटीबद्दल माझ्या मनात काही आकस नाही, मित्रांनो. ती गुणी आहे, सपाट गावात एखाद्या उंच माणसाच्या घरी सुखाने नांदेल. गॉगलनेही माझा निरोप घेताना गॉगल काढून माझ्या छतावर थाप मारली.

मधल्या दिवसांत मास्तरांनी मला असे काही तयार केले, की डॉक्टरांनीही बघत राहावे. नवे टायर, नवे ऑईल, नवी नळी. पण प्रत्येक वेळी गाडी बाहेर काढली की ते शेजारी बसायला निघत, आणि लेक त्यांना मागच्या सीटवर पाठवी. मागच्या सीटवरून ते काय काय सूचना देत! लेक 'हो बाबा' म्हणे आणि आपल्या मनाप्रमाणे चालवी.

सोमवारी पहाटे आम्ही दोघी निघालो. मास्तर फाटकात उभे होते. त्यांनी आरसा नीट आहे का बघितले, जो नीटच होता, आणि मागे सरकले.  मी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत ते तसेच उभे असलेले मला मागच्या काचेतून दिसत होते.

डोंगराचा रस्ता सोपा नव्हता. वळणांवर खडी होती, एका ठिकाणी धुके. चढावर मोठ्या इंजिनाने माझी अब्रू राखली, उतारांवर तिच्या पायाने. एका वळणापलीकडे दगडांनी भरलेला ट्रक मधोमध बंद पडलेला निघाला. तिने तो पाहिला आणि मला थांबवले. कोणाची वाट न बघता थांबवले. मग ती ट्रकच्या बाजूने अंदाज घेत पुढे निघाली. केंद्रावर आम्ही वेळेवर पोहोचलो.

संध्याकाळी परतलो तेव्हा मास्तर अंगणात उगाच झाडांना पाणी घालत होते. झाडांखाली केव्हाचा चिखल झाला होता.

"रस्ता कसा आहे?" त्यांनी विचारले.

"उतार बरेच आहेत," ती म्हणाली.

मास्तरांनी मान हलवली. पाणी बंद केले. पण रात्रीच्या जेवणाआधी ते एकदा बाहेर आले, माझ्या बॉनेटवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "सांभाळ गं."

मित्रांनो, माझी तुमच्याकडे फार मोठी मागणी नाही. गाडी नवी घ्या नाहीतर जुनी, पण आधी तिच्यात नीट बसून बघा, रस्ता दिसतो का, पाय पोहोचतो का. घेतली, की तिचे टायर, तिचे ब्रेक, तिचे ऑईल वेळच्या वेळी बघा. आच्छादनाखाली झाकून ठेवून तिच्यावर प्रेम करू नका. तिला रस्त्यावर न्या. आणि तुम्ही कोणाला काही शिकवत असाल, तर तयार झाल्यावर आपला पाय मागे घ्या. जीव वर-खाली होईल, होऊ द्या.

आता माझे पुरे. पहाटे लवकर निघायचे आहे. वरच्या वस्तीतल्या एका बाईचे दिवस भरले आहेत, आणि तिथे आम्हा दोघींची वाट बघत आहेत.